मातीतल्या वायूंचा आकडा मोजलेला की काढलेला?

संपादक महोदय,

शेतजमिनीतून निघणाऱ्या हरितगृह वायूंचे आकडे बातम्यांत येतात, पण ते शेतात मोजलेले की गणिती मॉडेलमधून काढलेले, हे बहुधा लिहिलेले नसते. दोहोंत फार अंतर आहे.

सर्वांत सोपा हिशेब आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेतला. खतातून दिलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूच्या रूपात उडतो असे त्यात धरले आहे. १०० किलो नत्र, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया दिला, तर १ किलो नत्र उडाले. त्याला ४४/२८ ने, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि त्यातले नत्र यांच्या वजनांच्या गुणोत्तराने, गुणले की १.५७ किलो नायट्रस ऑक्साइड, आणि कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेतल्या शंभर वर्षांच्या तापमानवाढ क्षमतेने, म्हणजे २७३ ने गुणले की जवळपास ४२९ किलो कार्बन डायऑक्साइडची बरोबरी. पण या १ टक्क्याची कक्षा त्याच मार्गदर्शिकेत ०.३ ते ३ टक्के दिलेली आहे. २०१९ च्या सुधारणेत ओलसर हवामानात रासायनिक खतासाठी १.६ आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के धरायला सांगितले. देशाच्या उत्सर्जनाच्या ताळेबंदाला हे चालते; एका शेताला हा आकडा चिकटवणे चुकीचे.

शेतपातळीवर डीएनडीसी किंवा डेसेंटसारखी मॉडेल वापरतात. ती रोजचा पाऊस, तापमान, खताची तारीख आणि मातीचे गुणधर्म घेऊन चालतात. त्यांचे नायट्रस ऑक्साइडचे गणित बरेचसे मातीतल्या पोकळीत पाणी किती भरले आहे यावर फिरते. साधारण ६० टक्क्यांपुढे विनत्रीकरण, म्हणजे जिवाणूंनी नत्राचे वायूत रूपांतर करणे, जोर धरते. ८० च्या वर गेले की बराचसा नायट्रस ऑक्साइड पुढे निरुपद्रवी नायट्रोजन वायू होऊन जातो. आता मातीची घनता पाहा; माती जितकी घट्ट, तितकी पोकळी कमी. मातीत आकारमानाने ३० टक्के पाणी आहे. घनता घनसेंटीमीटरला १.३ ग्रॅम असेल तर पोकळी ५९ टक्के भरते, १.५ असेल तर ६९. पाणी तेवढेच, पण मॉडेलच्या दृष्टीने माती उंबरठा ओलांडून गेली! आणि नेमकी हीच घनता अनेकदा न मोजता नकाशावरून उचलतात.

पावसाचेही तसेच. एका दिवसात पडलेला ६० मिलिमीटर पाऊस सरासरीत महिनाभर पसरवला, तर खतानंतर वायू एकदम उसळून निघण्याचा काळ मॉडेलमध्ये उमटतच नाही. वर्षाच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा मात्र अशाच थोड्या दिवसांत जातो. पडताळणीसाठी जमिनीवर बंद पेटी ठेवून अर्धा-पाऊण तासात तीन-चार वायुनमुने घेतात. हे काम आठवड्यातून एकदाच केले तर उसळी तिथेही हुकते. मग मॉडेल आणि मोजणी दोन्ही चुकून आकडे मात्र सुंदर जुळतात. म्हणून वर्षाची बेरीज जुळली एवढ्यावर भागत नाही; उसळीची तारीख आणि उंची जुळते का, तेही मॉडेल बसवताना न वापरलेल्या वर्षाच्या नोंदींशी, हे पाहावे लागते.

कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाबद्दल मिळणाऱ्या विक्रीयोग्य श्रेयाच्या, बातम्यांत तर आणखी एक फट असते. रॉथसी हे मॉडेल फक्त मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा हिशेब ठेवते, नायट्रस ऑक्साइडचा नाही. कर्ब वाढवण्याच्या उपायांनी वर्षाला १ किलो नत्र जादा नायट्रस ऑक्साइड होऊन उडाले, तर त्या वर्षी साठवलेला सुमारे ११७ किलो कर्ब (वरच्या ४२९ किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये असतो तेवढा) हिशेबात वजा होतो. तेव्हा अशी बातमी छापताना मॉडेलचे नाव, घनता व पाऊस कुठून घेतला आणि आकड्याची वरची-खालची मर्यादा, एवढे तरी सोबत द्यावे, ही विनंती.

आपले,
मृदाशास्त्राचे काही अभ्यासक