मालकाने हात लावला म्हणून सगळीच वॉरंटी कशी संपेल?

संपादक महोदय,

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. त्यानंतर पिकअपच्या किंवा ट्रॅव्हलरच्या चासीवर, म्हणजे वाहनाच्या सांगाड्यावर, कॅम्पर (आत राहण्याची सोय असलेली गाडी) बांधून घेण्याची चर्चा बरीच झाली, वॉरंटीची मात्र होत नाही. मालकाने छपरावर एखादे सोलर पॅनेल बसवले की बॉडीवाल्याचे उत्तर तयार असते : ‘तुम्ही हात लावलात, वॉरंटी संपली.’ हे सरसकट उत्तर चुकीचे आहे. चासी-इंजिनाची वॉरंटी वाहन कंपनीची, बॉडीची बॉडीवाल्याची आणि फ्रिज, बॅटरी, इन्व्हर्टर यांची ज्याची त्याची. फेरफारामुळे जिथे बिघाड झाला तिथली वॉरंटी जावी. बाकीच्यांना धक्का लागण्याचे कारण नाही.

गळतीवरून भांडणे फार होतात, आणि शहानिशाही तिथेच सोपी आहे. पाणी शिरते एकीकडून आणि छताच्या चॅनेलमधून वाहत जाऊन टपकते भलतीकडे. म्हणून डाग दिसला तिथेच दोष, असे धरू नये. पॅनेलचे स्क्रू, केबल आत शिरते तिथली बूच (ग्लँड), खिडक्या, व्हेंट हे सगळे प्लास्टिक आणि टेप लावून बंद करावे. मग खालून वर जात एकेक जोड उघडा करावा आणि त्यावर होजपाइपची साधी धार दहा मिनिटे सोडावी. जोर नको, नुसते पाणी पुरते. गळका जोड सापडतोच. त्यानंतर आतल्या प्लायला टोचा लावून पाहावा. नव्या गळतीने प्लाय भिजतो, पण टणक राहतो. टोचा लोण्यात गेल्यासारखा आत गेला आणि हाताला भुसा आला, तर पाणी कित्येक महिने मुरत होते. पॅनेल गेल्या महिन्यात बसवले असेल, तर त्या कुजण्याचे खापर पॅनेलवर फोडता येणार नाही.

मालकांनीही हाच न्याय स्वतःला लावावा. नुसत्या पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू पिळून वर आंबूस वासाचे साधे सिलिकॉन फासले, तर खड्ड्यांच्या धक्क्यांनी स्क्रू ढिले होणार आणि तिथून पाणी येणारच. खाली ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी), आतून आधारपट्टी देऊन आरपार बोल्ट आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट, ही पद्धत आहे. ती पाळली नसेल तर त्या गळतीची भरपाई मागू नये.

‘फ्रिज मध्येच बंद पडतो’ ही दुसरी नेहमीची तक्रार. समजा 12 व्होल्टचा फ्रिज 5 अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून 6 मीटरवर आहे. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरने जोडला, तर जाऊन-येऊन 12 मीटर तांब्यात सुमारे 0.7 व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरी 12 वर आली की फ्रिजपाशी 11.3 उरतात, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहूनही कमी, आणि फ्रिज बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःला बंद करून घेतो. चार स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर हीच घट पाव व्होल्टवर येते. यात फ्रिज कंपनीचा दोष नाही. वायर कोणी टाकली, एवढाच प्रश्न. मात्र मालकाने लिथियम बॅटरी, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर न घालता, थेट अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राला) जोडली आणि अल्टरनेटर तापून जळाला, तर वाहन कंपनीने हात वर करणे रास्तच आहे.

तड्यांचेही असेच. खराब रस्त्यावर चासी पिळते, बॉडीचा खोका तेवढा पिळत नाही. मध्ये रबर माउंट न देता खोका थेट आवळला, किंवा खिडकीचे कोपरे गोल न ठेवता काटकोनात कापले, की तडा त्या कोपऱ्यातून सुरू होतो. ही बांधणीची चूक. पण स्प्रिंगचे पाटे वाढवल्याने आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही, हे मालकांनी ध्यानात घ्यावे. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या जवळपास तेवढ्याच. ताबा घेताना टाकी भरून, माणसे बसवून पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा काट्यावर घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहन कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. नियमबाह्य फेरफाराला कलम 182अ नुसार प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वाहन उद्योगाचे स्वतंत्र मानक आहे, तेव्हा आरसीवर बॉडीचा प्रकार काय नोंदला आहे ते आधी पाहावे. वाद ग्राहक आयोगात गेलाच, तर तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो.

प्रत्येक बॉडीवाल्याने वायरिंगचा नकाशा, फ्यूजची यादी आणि छपराखालच्या चॅनेलचा आराखडा सही-शिक्क्यानिशी द्यावा. भोक कुठे पाडायचे आणि कुठे नाही, हे त्यावर दाखवलेले असावे. हे कागद हाती आल्याशिवाय ग्राहकांनी शेवटचा हप्ता देऊ नये.

— एक वाचक, पुणे