बाजाररस्ता आधी रहिवाशांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तीतल्या बाजाररस्त्यांचे सुशोभीकरण करून तेथे बाहेरचे ग्राहक आणावेत, असा आग्रह हल्ली वारंवार धरला जातो. गर्दी वाढली की धंदा वाढतो हे खरे. पण कोणाचा धंदा वाढतो आणि कोणाला गाळा सोडावा लागतो, याचा विचार मागे पडतो.

रहिवासी थोडेथोडे, पण वर्षभर घेतो. पाहुणा सुट्टीच्या दिवशी येतो आणि एकदम खर्च करतो. गाळ्याचे भाडे मात्र त्या गजबजलेल्या दिवसांकडे पाहून ठरू लागते आणि करार संपला की चांभार, किल्ल्या करणारा, जुने कपडे उसवून बेताचे करून देणारा शिंपी यांना ते झेपत नाही. त्यांच्या जागी भेटवस्तूंची दुकाने येतात. उघडपणे कोणी कोणाला हाकलत नाही, म्हणून हा बदल ध्यानात यायला उशीर लागतो. पिशवीची तुटलेली चेन घेऊन आपण बाहेर पडतो तेव्हा कळते की ती बसवून देणारे आता जवळपास कोणी नाही.

धडधाकट माणूस यातून वाट काढतो. पण ज्या आजींना बारीक छपाई वाचता येत नाही, त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘सकाळी’, ‘रात्री’ असे ठळक लिहून देणारा औषधविक्रेता चालत जाण्याच्या अंतरावर उरला नाही, तर त्यांचे परावलंबित्व तेथूनच सुरू होते.

पर्यटकांनी गजबजलेल्या इटलीतील व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांखाली गेली. घरांची महागाई आणि इतर कारणे त्यामागे आहेतच, तरी रोजच्या गरजेची दुकाने नाहीशी होणे हेही त्याच ओघातले आहे. ॲमस्टरडॅमने २०१७ मध्ये शहराच्या मध्यभागी केवळ पर्यटकांसाठीची नवी दुकाने उघडण्यास मनाई केली, ती रहिवाशांच्या गरजेची दुकाने मागे पडत असल्याचा अनुभव गाठीशी आल्यावरच.

पाहुण्यांना माझा विरोध नाही. पुस्तकांचे किंवा वाद्यदुरुस्तीचे दुकान केवळ आसपासच्या घरांवर चालत नाही, आणि घरबसल्या सारे मागवणारे आपण रहिवासीही या पडझडीत वाटेकरी आहोत. म्हणूनच हे भाड्याच्या बाजारावर सोडून चालणार नाही. पॅरिस महापालिकेने २००४ पासून काही भागांत गाळे विकत घेऊन ते स्थानिक व्यावसायिकांना भाड्याने देण्याची योजना राबवली. तेवढी ऐपत नसलेल्या शहरांनाही काही गाळे दुरुस्ती व नित्याच्या गरजांसाठी राखून ठेवता येतील आणि त्यांचे करार दीर्घ मुदतीचे करता येतील. मात्र रस्त्याचा आराखडा ठरवणाऱ्या बैठकीला गाळेमालकांबरोबर भाडेकरू दुकानदार आणि त्या रस्त्यावर पायी खरेदी करणारे रहिवासीही बोलावले पाहिजेत, आणि तेही आराखडा मंजूर होण्यापूर्वी.

आपला,
एक नियमित वाचक