शाळा बंद झाली तरी समुपदेशन बंद पडू नये : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,

सादर नमस्कार. सत्तरी तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी शिक्षक आहे. पुढची महामारी केव्हा येईल हे कोणालाच सांगता येणार नाही; परंतु ती आली आणि विद्यालयांना पुन्हा कुलूप लागले, तर अकरावी-बारावीच्या मुलांचे समुपदेशन त्याच दिवशी थांबू नये, याची तजवीज सरकारने आताच लेखी स्वरूपात करून ठेवावी, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

कोविडच्या काळात मुलांचे फार हाल झाले, असे आपण सरसकट म्हणतो. त्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांची अवस्था वेगळी होती, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. सहा वर्षांच्या मुलापासून घरातली ओढाताण काही काळ लपवता येते. सतरा वर्षांच्या मुलाला कर्जाचा हप्ता किती आणि तो कोणत्या तारखेला भरायचा असतो, हे ठाऊक असते. आमच्या सत्तरी-डिचोली भागात तर हे अधिकच खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले, आणि अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे किनारपट्टीवरच्या हॉटेलांत किंवा टॅक्सीच्या धंद्यात शिरली. दोनच वर्षांनी टाळेबंदीने तोही आधार काढून घेतला. आता शिकावे की कामाला लागावे, हा प्रश्न त्या घरांतील मुलांना कोणी विचारला नव्हता. तो त्यांचा त्यांनाच पडत होता, आणि बोलण्यासारखे माणूस जवळ नव्हते.

घराबाहेरच्या जागाही त्यांच्या हातून गेल्या. गावच्या जत्रेतील नाटकाची तालीम, चवथीच्या फुगड्या, संध्याकाळचे मैदान ही आपल्याला करमणूक वाटते, पण या वयाच्या मुलांना घरात न बोलता येणारे बोलण्याची सोय तिथेच असते. (एखाद्या मुलाचे काही बिनसले आहे हे वर्गशिक्षकाच्या आधी नाटकाच्या तालीममास्तरांना कळते, असा माझा अनुभव आहे.) वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा सत्तरी, सांगे, काणकोण येथील कितीतरी मुले रेंजसाठी डोंगर चढत होती, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. घरात एकच फोन आणि तोही सगळ्यांच्या देखत वापरायचा, अशा स्थितीत ‘मला झोप लागत नाही’ हे वाक्य कोणाला आणि कसे सांगणार?

परीक्षांच्या अनिश्चिततेने त्यात भर घातली. २०२०मध्ये बारावीचे राहिलेले पेपर मे महिन्यात झाले. २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत परीक्षा रद्द होणेच योग्य होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तो निर्णय येईपर्यंतचे आठवडे मुलांनी पुस्तक उघडे ठेवून, काहीही न वाचता काढले. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) ऑक्सिजनअभावी रुग्ण दगावल्याच्या बातम्या त्याच मे महिन्यात घरोघरी ऐकल्या जात होत्या. महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्याचे प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नंतर नोंदवले आणि तरुणांना त्याची झळ अधिक लागल्याचेही सांगितले.

आपल्या राज्यात काहीच व्यवस्था नव्हती, असे मी म्हणणार नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत विद्यालयांना समुपदेशक मिळतात, बांबोळीला मनोविकार संस्था आहे, आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील ‘संगाथ’सारखी संस्था १९९६पासून येथे काम करते. ऑक्टोबर २०२२पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. अडचण अशी की समुपदेशकाची नेमणूक विद्यालयाच्या इमारतीशी बांधलेली असते. इमारत बंद झाली की त्याने कोणाकडे, कोणत्या परवानगीने जायचे, हे ठरलेले नसते. शिवाय बारावीच्या एकाच बाकावर सतराचा आणि अठराचा विद्यार्थी शेजारी बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार त्यांपैकी एक अल्पवयीन आणि दुसरा सज्ञान. पहिल्याच्या उपचारांचे निर्णय पालकांच्या हाती असतात. त्रासाचे मूळ घरातच असेल, तर त्या मुलाने पहिले पाऊल कुठे टाकावे, याचे उत्तर विद्यालयाजवळ तयार हवे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असणे आवश्यक आहे. त्या सूचनांची अंमलबजावणी करतानाच पुढील गोष्टी आदेशात घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात विद्यालयीन समुपदेशकांची गणना अत्यावश्यक सेवेत व्हावी, जेणेकरून टाळेबंदीतही त्यांना प्रवासाचा पास मिळेल. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दार लावून बोलता येईल अशी एक खोली त्यांच्यासाठी ठराविक दिवशी राखून ठेवावी. लस घ्यायला किंवा औषध आणायला आलेला मुलगा तिथे गेला, तर गावात चर्चा होणार नाही. कंत्राटी समुपदेशकांचे मानधन विद्यालये बंद असतानाही चालू राहील, हे स्पष्ट लिहावे. ज्याची स्वतःची नोकरी डळमळीत आहे, त्याच्याकडून दुसऱ्याला धीर देण्याची अपेक्षा करणे बरे नव्हे.

एप्रिल २०२०मध्ये सरकारने घरोघरी आरोग्य सर्वेक्षण केले होते. राज्यातील प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोहोचण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पुन्हा तशी वेळ आल्यास त्या प्रश्नावलीत घरातील सोळा ते अठरा वयाच्या मुलांची झोप, जेवण आणि अभ्यास यांविषयी दोन-तीन प्रश्न असावेत, आणि उत्तर काळजीचे वाटल्यास त्या भागातील समुपदेशकाला कळवण्याची जबाबदारी कोणाची, हेही आताच ठरावे.

या विनंतीवर आपल्या खात्याने काय ठरवले, ते परिपत्रकाद्वारे सर्व उच्च माध्यमिक विद्यालयांना कळवावे.

आपला विश्वासू,
एक शिक्षक, सत्तरी