पाचही रीडिंग सारखी कशी?

दांडिया बाजार, बडोदे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल रात्री जेवताना आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तू ताटावरून उठलीस आणि मला रात्रपाळीला निघायचं होतं. समोरासमोर बोलायला लागलं की माझा आवाज चढतो, म्हणून लिहून ठेवतोय. तू कॉलेजला जाण्याआधी वाच.

तुझं जर्नल टेबलावर उघडंच होतं. मेट्रॉलॉजीचं, म्हणजे मोजमापाचं, प्रॅक्टिकल. वर्कशॉपमध्ये पोरांनी लेथवर टर्न केलेला शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, पाच ठिकाणी मायक्रोमीटरने मोजायचा. आणि पाचही रीडिंग २४.९८. ताई, माझं सगळं आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलं. शिकाऊ हाताने टर्न केलेल्या शाफ्टवर अशी पाच सारखी मापं मी पाहिलेली नाहीत. मी विचारलं तर म्हणालीस, "सगळेच उतरवतात बाबा. प्लेसमेंटला जर्नल कोण बघतं?"

जर्नल कोणी बघत नाही, हे खरंच. पण मकरपुऱ्याला आमच्या कारखान्यात ट्रेनी घ्यायचे असले की मलाही बसवतात. मार्कशीट साहेब बघतात. मी समोर एक शाफ्ट, मायक्रोमीटर आणि कोरा कागद ठेवतो आणि गप्प बसतो. पोरगं आधी शाफ्ट पुसतं का? झिरो तपासतं का? बेताचाच दाब देणारं टोकाचं रॅचेट फिरवतं, की शिकंजा आवळावा तसं थिंबलच, म्हणजे फिरती नळीच, पिळतं? डिस्टिंक्शनवाली मुलं इथे अडखळताना पाहिली की वाईट वाटतं, कारण अक्कल असते त्यांना, कोणी हातात वस्तूच दिलेली नसते. मागच्या खेपेला डिप्लोमा झालेली एक मुलगी आली होती. तिसरं माप वेगळं आलं तशी थांबली, शाफ्टवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "सर, इथे बर राहिलाय." कापताना उरलेली धातूची बारीक कोर नखाला लागली होती. तिचं इंग्रजी यथातथाच होतं. तिला घेतलं.

आता माझं सांगतो, तुला कधी सांगितलेलं नाही. नोकरीला नवीन होतो, दुसऱ्या कारखान्यात. एप्रिलचे दिवस. १०० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट मशीनवरून उतरले की हाताला चटका बसायचा. गाडी खोळंबली होती, मी तसेच गरम मोजले आणि पास केले. सकाळी थंड झाल्यावर सगळे मापाला कमी. पोलाद तेवढ्या व्यासाला ३० अंश निवलं की साधारण ०.०३ मिलिमीटर आक्रसतं आणि मापात चालणाऱ्या फरकाची आमची सूट होती ०.०२. अख्खा लॉट भंगारात. तापमानाने धातू प्रसरण पावतो, हे मी परीक्षेत सूत्रासकट लिहून आलो होतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं, हेही पाठ होतं. पण गरम जॉब हातात आला तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही, कारण कॉलेजात तो प्रयोग मीही दुसऱ्याच्या वहीतून उतरवला होता.

म्हणून काल मला इतकं लागलं. रागावलो तुझ्यावर, पण डोळ्यांसमोर तो लॉट होता.

तू रोज ज्या कलाभवनात कॉलेजला जातेस ते १८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलं. तिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर, त्यांनी तिथलं शिक्षण गुजरातीतून ठेवलं, कारागिरांच्या पोरांना समजावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथे फोटोग्राफी शिकले. हे तुला अशासाठी सांगतोय की व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, इंग्रजी फुटत नाही म्हणून तू मागच्या बाकावर बसतेस, ते तुझ्या आईकडून कळलंय मला. गुजराती माध्यमातून आलीस याची लाज कसली? आधी घरी मला मराठीत समजावून सांग, बेअरिंग का तापतं ते. मला पटलं की तेच इंग्रजीत चार वाक्यांत लिही आणि मोठ्याने म्हण. समजलेल्या गोष्टीला शब्द सापडतात, पाठ केलेली पहिल्याच उलट प्रश्नाला सुटते.

सीपीआय, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे एकूण गुण, सांभाळ, सात-साडेसातच्या खाली गेला तर पुष्कळ कंपन्या दारातूनच परत पाठवतात. त्यात वाद नाही. पण सुट्टीतल्या ट्रेनिंगला नुसतं सर्टिफिकेट देणारी जागा शोधू नकोस. मशीनला हात लावू देतील तिथे जा, छोटा कारखाना असला तरी चालेल. आणि लॅबमधल्या असिस्टंट काकांना विचारत जा. सरांना वेळ नसतो, त्यांना असतो, आणि त्या मशीनच्या खोडी त्यांनाच माहीत असतात.

टेबलावर लाकडी डबीत माझा मायक्रोमीटर ठेवलाय. आज लॅबमधून तोच शाफ्ट मागून घे आणि पाच ठिकाणी परत मोज. जे येईल ते लिही, वेडंवाकडं आलं तरी. जुनं पान फाडू नकोस, समोरच्या पानावर लिही. काम झालं की त्याची मोजायची दोन्ही तोंडं पुसून तेलाचा हात लाव आणि दोन्हींमध्ये थोडी फट ठेवूनच डबी बंद कर, घट्ट मिटवून ठेवायचा नसतो.

मी दुपारी चारला उठेन. आलीस की वही दाखव.

तुझे
बाबा