नातीचे तीन दगड आणि ८५० रुपयांचं किट

संपादक महोदय,
स. न.

कालच्या अंकात मुलांच्या 'दगड आणि खनिजं' कार्यशाळेची बातमी वाचली, फोटोही बघितला, पोरं खूश दिसतात, छान. पण फोटोखाली 'जांभा हे खनिज' छापलंय ते काय? जांभा म्हणजे दगड हो, खनिजं त्याच्या पोटात असतात. गोव्यातला पेपर, निम्म्या गावाच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्याच, तरी कुणाला खटकलं नाही? असो, चूक कुणाच्याही हातून होते.

माझं दुखणं वेगळंच आहे. फोटोत टेबलावर मांडलेली ती किटं बघितली आणि मागच्या वर्षीचं सगळं आठवलं. नात तेव्हा तिसरीत, शाळेने सांगितलं दगड गोळा करून आणा. मी तीस वर्षं खाणीवर सॅम्पलिंगला होतो, मला काय हुरूप आला विचारू नका. तिला लोहखनिजाचे तीन दगड दिले, बाथरूमच्या जुन्या टाइलचा तुकडा दिला, आणि टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून, उमटलेल्या रेघेच्या रंगावरून दगड ओळखायला शिकवलं. हेमाटाइट वरून काळा-करडा दिसला तरी रेघ तांबडीच येते. मॅग्नेटाइटची काळी, वर त्याला फ्रिजवरचा लोहचुंबक चिकटतो. लिमोनाइटची पिवळट, हळदीत माती कालवल्यासारखी. पोरीने संध्याकाळभर बाल्कांवात बसून घासून घासून फ्रॉक लाल केला, आईच्या शिव्या खाल्ल्या, पण तिन्ही दगड डोळे मिटून ओळखल्यासारखे सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून नेले तर टीचर म्हणाली, ही कसली घाण आणलीस, बाजारात किट मिळतं ते आणायला सांग पप्पांना.

आणलं. ८५० रुपये. प्लास्टिकच्या खणांत बारा गुळगुळीत खडे, त्यातला एक तर चक्क निळा रंगवलेला. नातीने सवयीने त्यातला स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, टाइलवर घासला, तो टाइलपेक्षा कठीण, रेघ कुठली यायला, उलट टाइललाच ओरखडा. आजोबा हा बिघडलेला आहे का, म्हणून विचारते! वहीत मात्र स्टार मिळाला.

ज्या मालापायी, म्हणजे लोहखनिजापायी, २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, आमच्या डिचोलीत ज्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता, तो माल इथल्याच पोराला हातात घेऊन ओळखता येऊ नये म्हणजे कमाल आहे. अरवळेच्या गुंफा जांभ्यात कोरलेल्या, तांबडी सुर्लाचं देऊळ काळ्या बेसाल्टचं, दोन्हीला एकदा हात लावून बघितला तरी पोरांना फरक कळेल, बसभाडं सोडून खर्च शून्य. पण पिकनिक जाते कुठे, वॉटर पार्कला. तुमच्या कार्यशाळेवाल्यांनी तरी इथला एक दगड टेबलावर ठेवला होता का? तो एक जांभा होता म्हणा, त्यालाही तुम्ही खनिज करून टाकलंत.

आणि हो, रविवारचं मुलांचं पान बंद करून तिथे प्लॉटच्या जाहिराती टाकायला लागलात ते कुणाच्या डोक्यातून आलं? नात त्यातली कोडी कापून वहीत चिकटवायची. आता काय प्लॉट चिकटवायचे?

आपला,
एक जुना वाचक, डिचोली