फ्रेझरला एका ओळीत उरकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मोहम्मद अलीवर पानभर लेख आला, आवडला, दोनदा वाचला. मी पण अलीचाच चाहता आहे हे आधीच सांगून टाकतो. पण त्या अख्ख्या पानात जो फ्रेझर या त्याच्या प्रतिस्पर्धी बॉक्सरच्या वाट्याला एकच ओळ आली, "अलीने ज्याला मनिलात हरवलं तो फ्रेझर", आणि ती वाचून मला राहवेना म्हणून हे पत्र लिहितोय.

अलीने फ्रेझरला हरवलं हे खरंच आहे, 1974 ला न्यूयॉर्कमध्ये आणि 1975 ला मनिलात. पण त्याच्या आधी 8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये काय झालं ते लेखात कुठंच नाही! दोघंही तोवर एकही मॅच हरलेले नव्हते, दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलर मिळणार होते, आणि त्या रात्री फ्रेझर जिंकला, कोणी किती राउंड जिंकले ते लिहिणाऱ्या दोन जज आणि रेफ्री अशा तिन्ही कार्डांवर जिंकला, 9-6, 11-4 आणि रेफ्रीचं 8-6 अन् एक राउंड बरोबरीत. म्हणजे अलीला हरवणारा जगातला पहिला प्रोफेशनल बॉक्सर फ्रेझर आहे, ही माहिती एवढी बारीक आहे का की पानभर लेखात तिला जागा मिळू नये?

ती मॅच मी गेल्या महिन्यात परत एकदा सलग बघितली, पंधराही राउंड. फ्रेझर सहा फुटाच्या आतला, अली सहा फूट तीन इंच, हात पण लांब, त्यामुळं फ्रेझरला जवळ जायचं म्हणजे आधी अलीचे जॅब, म्हणजे सरळ ठोसे, तोंडावर खायचे आणि मग आत घुसायचं, आणि तो तेच करत राहतो, डोकं हलवत, खाली वाकून, एकही पाऊल मागं न घेता. पंधराव्या राउंडच्या सुरुवातीलाच तो डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसतो. अली पाठीवर पडतो, पाय वर जातात, पांढऱ्या बुटांना लावलेले लाल गोंडे हवेत उडतात. आणि काही सेकंदात अली उठून उभा! तो ठोसा खाऊन उठणारा अली मोठा की तो ठोसा मारणारा फ्रेझर मोठा हे मला आजही ठरवता येत नाही, पण दोघांचा फोटो एकाच मापाने छापला पाहिजे एवढं मात्र नक्की.

त्या डाव्या हाताची गोष्ट पण सांगण्यासारखी आहे. फ्रेझर साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफोर्टजवळ गरीब शेतकऱ्याच्या घरात वाढला. लहानपणी डुक्कर मागं लागलं, पळताना पडून डावा हात मोडला, डॉक्टरकडे जायला पैसे नव्हते म्हणून हात तसाच वाकडा जुळला आणि पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही, असं तो स्वतः सांगायचा. तो वाकडा हात म्हणजे जणू हुक मारायलाच बसवलेला. नंतर फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम, तिथंच लटकवलेल्या मांसावर ठोसे मारून सराव. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकला खरं तर दुसरा बॉक्सर जाणार होता, त्याला दुखापत झाली म्हणून फ्रेझर गेला आणि अंगठा मोडलेला असताना फायनल खेळून गोल्ड मेडल घेऊन आला.

आता अलीची बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. 1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, शिक्षा झाली, जगज्जेतेपदाचं टायटल गेलं, खेळायचं लायसन्स गेलं, साडेतीन वर्षं रिंगबाहेर, आणि तीही 25 ते 28 या वयात. 1971 मध्ये सुप्रीम कोर्टाने 8-0 ने शिक्षा रद्द केली पण गेलेली वर्षं कोण परत देणार? बॉक्सरांना प्रमोटरांच्या पिळवणुकीपासून वाचवणारा अमेरिकेतला 2000 चा कायदा अलीच्याच नावाने आहे. 1996 ला अटलांटात थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा अली बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. रिंगच्या बाहेरचा वारसा बघायचा तर अलीच्या जवळपास कोणी नाही, फ्रेझर पण नाही, हे मी बिनतक्रार मान्य करतो.

पण त्याच रिंगच्या बाहेर अली फ्रेझरशी कसा वागला हे पण त्याच हिशेबात धरा ना. अलीवर बंदी होती तेव्हा फ्रेझरने त्याला पैसे दिले, त्याला परत खेळू द्या म्हणून शब्द टाकला. आणि अलीने त्याला काय म्हणावं? अंकल टॉम, म्हणजे गोऱ्यांची चाकरी करणारा काळा माणूस! ज्याने शेतात आणि कत्तलखान्यात घाम गाळला त्याला. मनिलाच्या आधी तर गोरिला म्हणाला, खिशातून रबराचा छोटा गोरिला काढून कॅमेऱ्यासमोर त्याला ठोसे मारून दाखवले, आणि सगळे हसले. फ्रेझरच्या पोरांना शाळेत चिडवायचे लोक. तिकीट खपवायला केलं असं अलीने नंतर सांगितलं, 2001 मध्ये पेपरात माफी पण मागितली, पण तोवर पंचवीस-तीस वर्षं उलटली होती. फ्रेझर पुढे अलीच्या आजारपणावर फार वाईट बोलला, ते मला अजिबात पटत नाही, पण ती कडू जखम कुठून आली हे न सांगता नुसतं "फ्रेझर चिडका होता" म्हणणं अन्याय आहे.

काही जण म्हणतात की जॉर्ज फोरमन या तिसऱ्या बॉक्सरने जमैकातल्या किंग्स्टनला फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं आणि त्याच फोरमनला अलीने 1974 ला किन्शासात आठव्या राउंडमध्ये झोपवलं, मग तुलनाच कशाला. बॉक्सिंगमध्ये असं गणित चालत नाही हो. फोरमनला पुढं येणारा माणूस पाहिजे होता आणि फ्रेझरला पुढं येण्याशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. तीच पद्धत अलीला मात्र शेवटपर्यंत जड गेली. तीन मॅच मिळून दोघं 41 राउंड खेळले. 32 विजय, 4 पराभव, एक बरोबरी असा फ्रेझरचा रेकॉर्ड आणि ते चारही पराभव फक्त अली आणि फोरमनकडून, तिसऱ्या कुणाकडून नाही.

मनिलात चौदा राउंड झाल्यावर फ्रेझरचा उजवा डोळा पूर्ण मिटलेला आणि डाव्याने आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, म्हणजे तो जवळजवळ आंधळा लढत होता. ट्रेनर एडी फच यांनी पंधराव्याला सोडलं नाही, फ्रेझर नको नको म्हणत होता तरी. मरणाच्या इतक्या जवळ कधी गेलो नव्हतो असं जिंकलेला अलीच म्हणाला. मग त्या मॅचला "अलीने हरवलं" या दोन शब्दांत कसं बसवायचं?

फिलाडेल्फियाने पण त्याला उशीरच केला. रॉकी या सिनेमातल्या खोट्या बॉक्सरचा पुतळा त्या शहरात कधीचा उभा आहे, आणि खरा चॅम्पियन ज्या जिमच्या वरच्या खोलीत राहायचा ती जिम 2008 मध्ये बंद पडली, पुढे तिथं फर्निचरचं दुकान आलं. फ्रेझरचा पुतळा बसला 2015 मध्ये, तो 7 नोव्हेंबर 2011 ला कॅन्सरने गेल्यावर जवळपास चार वर्षांनी. त्याच्या अंत्यविधीला अली आला होता, स्वतःला नीट उभं राहता येत नसताना उभा राहिला आणि फ्रेझरसाठी टाळ्या वाजवल्या.

तर विनंती एवढीच की येत्या 7 नोव्हेंबरला फ्रेझरवर एक लेख द्या, छोटा असला तरी चालेल. आणि त्या दिवशी अलीने हरवलेल्या, खाली पडलेल्या सनी लिस्टन या बॉक्सरवर ओरडणारा अली नको, तो फोटो आम्ही खूप वेळा बघितलाय. पंधराव्या राउंडचा द्या, ज्यात अली खाली आहे आणि फ्रेझर उभा आहे.

आपला,
एक नियमित वाचक