गृहपाठ नेमका कोणी केला?

संपादक महोदय,

शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा अजूनही चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेण्यापाशीच घोटाळते आहे. प्रश्न मात्र पुढे गेला आहे. चॅटबॉट विचारलेल्याचे उत्तर देतो. एजंटिक एआयला केवळ उद्दिष्ट सांगितले, की तो कामाचे टप्पे स्वतः ठरवतो, ब्राउझर चालवतो आणि विद्यार्थ्याच्या खात्यातून ऑनलाइन चाचणी सोडवून सादरही करू शकतो. उत्तर उतरवून काढणाऱ्याला निदान प्रश्न तरी वाचावा लागत असे. आता तोही वाचण्याची गरज उरलेली नाही.

तुर्कस्तानात सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. गणिताच्या सरावात जीपीटी-४ या चॅटजीपीटीमागील एआय प्रारूपाची थेट मदत मिळालेल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण मदतीविना झालेल्या परीक्षेत तीच मुले, ही मदत कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. शिक्षकांच्या सूचनांनुसार उत्तराऐवजी इशारे देणारे यंत्र ज्यांना मिळाले, त्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले. तंत्रज्ञान एकच होते. फरक ते कसे वागेल हे ठरवण्यात होता.

गणित शिकवताना मला हे रोज जाणवते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे लिहिणाऱ्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असतो. त्याला पाच षष्ठांश हे उत्तर देऊन काहीच साधत नाही. अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले, एवढेच विचारले की तो थबकतो, आणि शिकणे तिथे सुरू होते. वर्गातील प्रत्येकापाशी असे थांबायला शिक्षकाला वेळ पुरत नाही. सर्व वह्यांमधून हीच चूक पुन्हा पुन्हा करणारी मुले शोधून देणारा एआय एजंट मला मनापासून हवा आहे; मुलाशी बोलण्याचे काम मात्र मी त्याच्यावर सोपवणार नाही.

घरून करून आणलेल्या कामाला गुण देण्याऐवजी त्याच कामावर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. वेळ जाईल, पण तो सत्कारणी लागेल. तसेच अशी प्रणाली घेण्यापूर्वी शाळांनी विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: एजंटने उत्तर केव्हा द्यायचे आणि केव्हा रोखायचे हे शिक्षकाला ठरवता येते का, आणि विद्यार्थ्याने किती इशाऱ्यांनंतर उत्तर काढले याची नोंद शिक्षकाला दिसते का?

आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक